मदत हवी आहे: सातवीची मुलं भांडतात झकास, पण स्टेजवर गप्प!

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर भागात, मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. बऱ्याच मुलांचे आईवडील एमआयडीसीत शिफ्टला जातात.

१ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, म्हणजे वक्तृत्व स्पर्धा ठरलेलीच. सातवीच्या दोन तुकड्यांतून नावं आली पाच. त्यातल्या चौघांचं 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' आणि मग शेंगांची टरफलं, यूट्यूबवरून हातवाऱ्यांसकट उचललेलं. एक मुलगी मध्येच अडली. पुढचं वाक्य आठवेना, आठवणार कुठून, ते तिचं नव्हतंच. रडत खाली उतरली. तेव्हापासून कशातच नाव देत नाही.

आणि हीच मुलं दिवाळीनंतर, सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडावीत का यावरून वर्गात अशी जुंपली की घंटा झालेली कळली नाही. एकाचं आजोळ निफाडकडे. डिसेंबर २०२३च्या कांदा निर्यातबंदीत मामाचं काय झालं, भाव कसा पडला, हे तो न अडखळता सांगतो. त्याला म्हटलं, हेच स्पर्धेत बोल की. तर म्हणतो, "मॅडम, ते काय भाषण आहे का?"

तेव्हापासून शनिवारी शेवटच्या तासाला वादविवादाचा एक प्रयोग करतेय. चिठ्ठी टाकून बाजू ठरते. एक मिनिट, बाकावरूनच, हातात कागद नाही. समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दांत सांगायचा, त्यानं 'हो, हेच म्हणालो' म्हटलं तरच खोडायचा. या एका अटीनं आरडाओरडा निम्म्यावर आला. पण बोलणारे तेच सात-आठ, बाकीचे टाळ्यांचे धनी.

आता अडलंय ते असं. चिठ्ठीत नको ती बाजू आली की मुलं म्हणतात, खोटं कसं बोलू? एका पालकांनीही फोन करून हेच विचारलं. सातवीतल्या मुलाला पटेल असं तुम्ही काय सांगता? दुसरं, आमच्या परीक्षकांच्या तक्त्यात पाठांतर, उच्चार, हावभाव यांना गुण आहेत, खंडनाला शून्य. तुमच्या शाळेत वादविवादाला गुण कसे देता? तक्ता असेल तर इथे टाका, मुख्याध्यापकांना दाखवायला काहीतरी हातात हवं.

आणि ती मुलगी. तिला मी सध्या घड्याळ लावून वेळ मोजायला बसवलंय. मागच्या शनिवारी एका मुलाची वेळ संपल्यावर ती हळूच म्हणाली, "पण त्यानं उत्तर दिलंच नाही." मी ऐकलं नाहीसं दाखवलं. चुकलं का माझं? तिला तिथेच बोलतं करायला हवं होतं, की अजून थांबू?

(मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला न्या, असं कृपया सुचवू नका. मी स्वतः तिथे बसून ऐकायला शिकले, पण आमची मुलं मे लागला की गावी पळतात.)