मदत हवी आहे: कामगंध सापळ्यात रोज दहा-बारा पतंग, पण पराटीत (कपाशीत) डोमकळी (अळीमुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल) दिसत नाही, फवारायचं की थांबायचं?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात नोकरीला, आमचं वावर हिंगण्याच्या पुढे, अडीच एकर, सगळा कापूस. बाबा एकटे बघतात, मी शनिवार-रविवार जाते. टोबणी (पेरणी) 20 जूनची, म्हणजे पराटी आता सत्तर दिवसांची झाली, पात्या-फुलं भरपूर आहेत आणि खालच्या फांद्यांना बोंडं धरलीत.

यंदा मीच हट्टाने गुलाबी बोंडअळीचे पाच कामगंध सापळे (वासाने पतंगांना ओढणारे) लावले. बाबा रोज सकाळी पिशव्या उघडून मोजतात आणि मला फोनवर आकडे सांगतात. मागच्या रविवारी मी स्वतः मोजले, पिशवीच्या तळाशी गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी पतंग, हात लावला की पंखांची भुकटी बोटाला चिकटते. तर गेल्या तीन रात्रींत धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) दोन सापळ्यांत सापळ्यामागे रोज 9, 12, 10 असे आले, आणि मधल्या तिघांत 2, 3, 1. सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग म्हणजे नुकसानीची पातळी ओलांडली, हे मला माहीत आहे. पण कोणता सापळा धरायचा? कारण धुऱ्याच्या पलीकडे शेजाऱ्यांनी गेल्या वर्षीची पराटी जळणाला रचून ठेवलीय आणि तिथून थोड्या अंतरावर जिनिंग आहे.

बाबा म्हणतात उद्याच फवारू. कृषी सेवा केंद्रवाल्याने दोन औषधं मिसळून मारायला दिलीत. मला खरंच भीती वाटते हो. 2017 ला यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून बाबांनी पाठीवर पंप घेतला की माझा जीव थाऱ्यावर नसतो. आणि त्याच वर्षी बीटी बियाण्यावर (ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारा घटक असतो) भरवसा ठेवून आमचा अर्धा कापूस किडका निघाला होता, त्यामुळे फवारू नका म्हणायचीही हिंमत होत नाही. कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

कास्तकार_काटोल: ताई, घाई नको. त्या सापळ्यात फक्त नर येतात, सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो म्हणून. धुऱ्यावरचे नर त्या जुन्या पराटीतून आणि जिनिंगकडून येत असणार, तिथे किडक्या बोंडांत आणि सरकीत अळी झोपून राहते आणि पाऊस पडला की पतंग होऊन निघते. नर सापडले म्हणून तुमच्या बोंडात अळी आहेच असं नाही, पण त्यांच्यासोबत मादीही उडतेच, म्हणून दुर्लक्षही करू नका. वावरात नागमोडी फिरा, वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पहा. दोनात अळी निघाली तर 10 टक्के झाले, मग फवारा. आणि गोळी बदलताना हाताला खर्ऱ्याचा वास नको, हे बाबांना सांगा, आमच्याकडे हीच चूक व्हायची.

कीटकवाली: वरच्या दादांशी सहमत, मी कीटकशास्त्र शिकलेय म्हणून थोडी भर घालते. बोंडअळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात घुसते आणि ते छिद्र बुजून जातं, मग वरून कितीही औषध मारा, आतल्या अळीला लागत नाही. म्हणून अंड्यातच गाठायची. ट्रायकोग्रामा बॅक्ट्री नावाची टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. एकरी 60,000 लागतात, ती आत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड (ट्रायकोकार्ड) मिळतं, त्याचे तुकडे करून पानांच्या खालच्या बाजूला टाचायचे, संध्याकाळी. पण कार्ड लावलं की आठवडाभर तरी रासायनिक फवारणी नाही, नाहीतर पैसे देऊन आणलेले मित्रकीटक आपणच मारू. दुकानदाराने दिलेल्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड (एका गटातलं रासायनिक कीटकनाशक) असेल तर इतक्या लवकर मारूच नका, पांढरी माशी उसळते. सध्या 5 टक्के निंबोळी अर्क पुरे. अमेरिकेत बीटी, कामगंध आणि वांझ केलेले पतंग सोडणं, हे सगळं एकत्र वर्षानुवर्षे करत 2018 ला ही अळी कापसातून संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे एका औषधाने जमत नाही तो हा प्रकार. तुम्ही नागपुरातच आहात, वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथे पाच-सहा बोंडं घेऊन जाच.

कास्तकार_काटोल: आणि शेजाऱ्यांना ती पराटी उचलायला लावा, रागावून नाही, चहा घेऊन बसा त्यांच्याकडे. ती थप्पी जोवर आहे तोवर तुमचा सापळा रिकामा राहत नाही.

धागाकर्ती (अपडेट): दोघांचे खूप आभार. आज पहाटे बाबांसोबत वावरात होते. बाबा विळ्याने बोंड चिरत होते आणि मी सरकी उलटी-पालटी करून बघत होते. 20 पैकी एकातच अळी निघाली, बारकी, पांढरट, डोकं काळपट, अजून गुलाबी झालेली नाही. शंभर फुलं पाहिली, डोमकळी दोनच, त्या तोडून चिरडल्या. बाबा बराच वेळ ते बोंड हातात धरून बसले आणि मग म्हणाले, ठीक आहे, औषध घरात राहू दे, बुधवारी परत 20 फोडू. शेजारचे काका पराटी हलवायला तयार झालेत पण ट्रॅक्टर पोळ्यानंतरच मिळेल म्हणतात. आता एवढंच सांगा, अडीच एकराला 60,000 च्या हिशोबाने दीड लाख लागतील, तर नागपुरात ट्रायकोकार्ड ताजं कुठे मिळतं आणि घरी आणेपर्यंत उन्हात किती वेळ टिकतं?