चर्चा: क्रॉप सेन्सरवर पहिली लेन्स ‘फिफ्टी’च का?

किटवाला (धागाकर्ता)

कुणी नवा डीएसएलआर घेऊन ‘किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी झूमनंतर) काय?’ असं विचारायचा अवकाश, चारही बाजूंनी एकच उत्तर येतं: ५० मिमी एफ/१.८ (‘फिफ्टी’) घे, डोळे झाकून घे. (मिमी जितके जास्त तितका कोन अरुंद; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.) माझं मत सरळ मांडतो. नवख्यांच्या हातात असतो क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा, आणि त्यावर हा सल्ला बहुतेकांना अडचणीतच टाकतो.

फिल्मच्या काळात ५० मिमी ही ‘नॉर्मल’ लेन्स होती, कारण फ्रेम ३६ बाय २४ मिमीची होती. निकॉनच्या क्रॉप सेन्सरवर तिचा कोन ७५ मिमीसारखा होतो, कॅननवर ८०सारखा. म्हणजे ती छोटी पोर्ट्रेट लेन्स झाली. हिशोब करून बघा. चार माणसं शेजारी शेजारी उभी केली आणि कडेला थोडी जागा सोडली, तर अडीच मीटर रुंदी लागते. कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५० मिमीने एवढं टिपायला साडेपाच मीटर मागं जावं लागतं. किट लेन्सच्या १८ मिमीला तेच काम दोन मीटरवरून होतं. घराच्या खोलीत साडेपाच मीटर कुणाकडे असतात?

म्हणून आधी एकच विचारावं: किट लेन्स मला नेमकी कुठे अडवते? उजेड कमी पडत असेल तर ३५ मिमी एफ/१.८ बघा. लांबचं पोचत नसेल तर ५५-२५० किंवा तत्सम टेली. कुठेच अडत नसेल तर पैसे ठेवा खिशात. भरपूर उजेडात एफ/८ला १८-५५ने काढलेला फोटो कुणाला ओळखू येत नाही.

एकपूर्णांकआठ

धागाकर्त्याशी जोरदार असहमत. सगळी मोजमापं भिंतीपासून करताय, उजेडाचं कुणी बोलायचं?

किट लेन्स ५० मिमीवर एफ/५.६ देते. फिफ्टी देते एफ/१.८. फरक तीन स्टॉपच्या वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे जवळपास दहापट उजेड. संध्याकाळी घरात रांगणाऱ्या बाळाचा फोटो किट लेन्सने १/२० सेकंदाला हलतो, त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) फिफ्टीने १/२०० मिळतो. हे नुसतं ‘थोडं बरं’ नाही, एक फोटो येतो आणि एक येत नाही, एवढा फरक आहे.

शिवाय ‘३५ बघा’ म्हणणं निकॉनवाल्यांना सोपं आहे. त्यांच्याकडे २००९पासून डीएक्स (निकॉनचं क्रॉपचं नाव) ३५ मिमी एफ/१.८ आहे. कॅननने क्रॉपच्या डीएसएलआरसाठी तशी लेन्स काढलीच नाही. २४ मिमी एफ/२.८ची चपटी लेन्स आहे, छान आहे, पण उजेडात ती एफ/१.८च्या सव्वा स्टॉप मागे. कॅननवाल्याने करायचं काय?

आणि वजन: ५० मिमी एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅमची. कॅमेऱ्यावर आहे हे विसरायला होतं, म्हणून कॅमेरा सोबत घेतला जातो.

किटवाला

दहापट उजेड मान्य. पण तो वापरता किती येतो? क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, एफ/१.८, माणूस दीड मीटरवर: फोकसमध्ये राहणारी जाडी साधारण सहा सेंटीमीटर. एक मीटरवर आलात की तीनहूनही कमी. चेहरा जरा तिरका असला की जवळचा डोळा लख्ख आणि लांबचा मऊ. दोन माणसं पुढे-मागे बसली असतील तर एफ/४वर यावंच लागतं. मग तुमच्या तीन स्टॉपपैकी एकच उरला.

आणखी एक. किट लेन्सला बहुधा स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) असतं, या फिफ्ट्यांना नसतं. न हलणारी वस्तू असेल, म्हणजे देवघर, पुस्तकांचं कपाट, रात्रीची इमारत, तिथे तीन-चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन तुमची दहापट आघाडी खाऊन टाकतं. फिफ्टी जिंकते ती फक्त हलणाऱ्या माणसांच्या फोटोत.

एकपूर्णांकआठ

‘फक्त हलणाऱ्या माणसांच्या’! अहो, लोक कॅमेरा घेतात कशासाठी? पुस्तकांच्या कपाटासाठी?

लांबपल्ला

दोघेही एकाच रेंजमध्ये भांडताय. १८-५५ आधीच हातात आहे, ३५ आणि ५० दोन्ही तिच्या आत येतात. नवा कोन शून्य. पहिली लेन्स अशी हवी की जी कालपर्यंत अशक्य असलेला फोटो आज शक्य करेल, आणि तो मान टेलीचा. गच्चीवरून समोरच्या झाडावरचा पक्षी, मैदानाच्या पलीकडचा खेळाडू, डोंगराच्या रांगा एकीवर एक आलेल्या. १८-५५ने हे कितीही कसरत केली तरी होत नाही.

आता पार्श्वभूमी धूसर करण्याचं. फिफ्टीचे भक्त ती आपलीच मक्तेदारी समजतात. लांबची पार्श्वभूमी किती विरघळेल हे, चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला, तर लेन्समधल्या प्रत्यक्ष छिद्राच्या व्यासावर ठरतं. ५० भागिले १.८ म्हणजे साधारण २८ मिमी. ५५-२५०वर १३५ मिमीला एफ/५ मिळतो: १३५ भागिले ५, सत्तावीस. जवळपास बरोबरी! २५० मिमी एफ/५.६ला हाच व्यास ४५च्या घरात जातो. म्हणजे ज्या ‘स्लो’ टेलीला तुम्ही नाकं मुरडता ती झाडीसमोर उभ्या माणसाची पार्श्वभूमी फिफ्टीपेक्षा जास्त मऊ करते. करून बघा, मग बोला.

एकपूर्णांकआठ

गणित बरोबर आहे, अर्धवट आहे. फिफ्टीने दीड मीटरवरून जो चेहरा मिळतो त्यासाठी २५०ला साडेसात मीटर लांब जावं लागेल. तिथून त्या माणसाशी बोलणार कसं, ओरडून? आणि हे सगळं उन्हात. २५० मिमी हातात धरून क्रॉपवर निदान १/४०० शटर हवा, स्टॅबिलायझेशन असलं तरी पक्षी थोडाच थांबतो. सूर्य कलला की एफ/५.६ला आयएसओ ३२०० सहज लागतो, मग पिसांच्या जागी रवा दिसतो.

थोडं लांबचं हवं असेल तर क्रॉप करा की. २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदीत आणि उंचीत निम्मा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात. फोनवर आणि छोट्या प्रिंटला पुष्कळ झाले.

लांबपल्ला

५० मिमी निम्मी कापून १०० मिमीचा कोन मिळेल. पक्ष्याला १०० मिमीने काय होतं? फ्रेममध्ये एक ठिपका.

मधलीवाट

प्राइम (झूम नसलेली लेन्स) की टेली या भांडणात कुणी एफ/२.८ झूमचं नावच काढत नाही, याचं आश्चर्य वाटतं. सिग्मा १७-५० एफ/२.८ घ्या, किट लेन्स विकून टाका. पूर्ण रेंजमध्ये एफ/२.८, म्हणजे ५० मिमीला किटपेक्षा दोन स्टॉप जास्त, आणि स्टॅबिलायझेशनही आहे. चौघांचा फोटो १७ला, एकट्याचा ५०ला, लेन्स न बदलता. समारंभात लेन्स बदलत बसणाऱ्याचा निम्मा कार्यक्रम बॅगेत डोकं घालण्यात जातो.

तोटा सांगतो: साडेपाचशे ग्रॅमच्या वर वजन, आणि किंमत फिफ्टीच्या कितीतरी पट. पण ‘आधी फिफ्टी, मग ३५, मग १७-५०’ असा प्रवास करणारे शेवटी जास्तच घालवतात.

किटवाला

@मधलीवाट, लेन्स उत्तम, यात वाद नाही. पण ज्याला आपण काय टिपतो हेच अजून कळलेलं नाही त्याला हा खर्च करायला सांगणं मला पटत नाही. स्वस्त प्राइम आवडली नाही तर फार न गमावता विकता येते.

छतावरूनउजेड

रोष पत्करून सांगतो: लेन्स घेऊच नका. मान वळणारा फ्लॅश घ्या आणि छताकडे तोंड करून मारा. खोलीत किट लेन्सला एफ/५.६, आयएसओ ४०० ते ८००वर स्वच्छ फोटो मिळतो, चौघंही फोकसमध्ये आणि हललेलं कुणी नाही. एकपूर्णांकआठ यांची उजेडाची तक्रार आणि किटवाला यांची सहा सेंटीमीटरची तक्रार, दोन्ही एका दगडात.

एकपूर्णांकआठ

छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर. सभागृहात, मोकळ्यावर, झोपलेल्या बाळावर काय कराल? बाकी मुद्दा चांगला आहे, धागा मात्र लेन्सचा आहे.

सगळंएकात

१८-२०० घ्या, विषय संपला. काही बदलायला नको.

लांबपल्ला

विषय संपतो खरा, २०० मिमीला एफ/५.६ आणि जरा मऊ फोटो घेऊन. प्रवासात एकच लेन्स न्यायची असेल तर ठीक. पण याला अपग्रेड म्हणवत नाही.

स्क्रूवाला

तुमचं चालू द्या, पण वाचणाऱ्या नवख्यांनी घेण्याआधी एवढं बघावं. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यावर जुनी ५० मिमी एफ/१.८डी लावली तर फोटो येईल, ऑटोफोकस होणार नाही. स्वस्त मिळाली म्हणून सेकंडहँड ‘डी’ उचलणारे नेमके इथेच फसतात. लेन्सवर ‘एएफ-एस’ (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं हवं. ‘एएफ-पी’ असेल तर अजून एक चाळणी: डी३१००, डी५१००सारख्या जुन्या बॉडींवर ती चालत नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सना मोटर आतच असते, ही डोकेदुखी नाही.

दुसरं, पुढे मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) जायचा विचार असेल तर. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या आरएफ मिररलेस बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स त्यांच्या मिररलेसला एफटीझेड अडॅप्टरवर चालतात, पण ‘डी’ लेन्सना तिथेही ऑटोफोकस नाही. मात्र ३५ डीएक्ससारखी क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर (फिल्मच्या फ्रेमएवढ्या सेन्सरवर) लावलीत तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाईल. फिफ्टीचं तसं नाही, ती पूर्ण फ्रेम झाकते. किटवाला, हा एक गुण तिच्या पारड्यात टाका.

किटवाला

टाकला. पण दोन-चार वर्षांनी घेईन-न-घेईन अशा बॉडीसाठी आज भिंतीला पाठ लावून फोटो काढायचे, हे मला जमणार नाही.

पहिलाचकॅमेरा

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. माझ्याकडे निकॉन डी३५०० आणि १८-५५ आहे. घरात लहान मुलगा, तो मोठ्या बहिणीचे मैदानावरचे सामने बघायला माझ्यासोबत येतो. दोघांचेही फोटो हवेत. एकच लेन्स घेऊ शकते. काय करू?

किटवाला

ताई, आधी एक काम करा. आतापर्यंतचे फोटो कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथप्रमाणे (लेन्सच्या मिमीप्रमाणे) लावा. कॅमेरा ती प्रत्येक फाइलमध्ये लिहून ठेवतो. कुठल्या आकड्यावर गर्दी आहे ते सांगा.

पहिलाचकॅमेरा

बघितलं. १८वर खूप आणि ५५वर खूप. मधे तुरळक.

लांबपल्ला

५५वर गर्दी म्हणजे हात पुढे जायला धडपडतोय. टेली!

एकपूर्णांकआठ

असं लगेच ठरवू नका. झूम हातात आला की माणूस तो एकतर या टोकाला नेतो नाहीतर त्या. १८ आणि ५५वरची गर्दी म्हणजे गरज असेलच असं नाही, सवयही असते. ५५वाले फोटो उघडून बघा. मुलगी चिमुकली दिसत असेल तर लांबपल्ला बरोबर. चेहरा पुरेसा मोठा असेल पण हललेला असेल, तर मी बरोबर.

किटवाला

हा मुद्दा शंभर टक्के मान्य, कुणी कॅलेंडरवर लिहून ठेवा. ताई, यात भर: एक दिवस किट लेन्सचं झूम ३५ला चिकटपट्टीने बांधून घरात फिरा, दुसऱ्या दिवशी ५०ला. आयएसओ, हलणं यांची पर्वा नको, फक्त मुलगा फ्रेममध्ये मावतो की नाही ते बघा.

पहिलाचकॅमेरा

केलं. ५०ला मुलगा खेळायला लागला की पाय नाहीतर डोकं कापलं जातं, आणि मी सोफ्यावर चढून मागं सरकत होते. ३५ला आरामात मावतो. मैदानाचे ५५वरचे फोटो उघडले तर मुलगी बोटाएवढी आहे, पण हललेली नाही, सामने सकाळी उन्हात असतात. घरातले मात्र जवळजवळ सगळे हललेले.

लांबपल्ला

मग मैदानासाठी टेलीच हवी, आणि उन्हात एफ/५.६ अगदी पुरतो. म्हणालो होतो.

एकपूर्णांकआठ

मैदानाचे फोटो लहान आहेत, तरी दिसतात. घरातले तर वायाच जातायत. आधी ३५ एफ/१.८, एएफ-एस डीएक्स. (हो किटवाला, ३५. ताईंकडे निकॉन आहे म्हणून. कॅननवाल्यांसाठी माझं मत तेच.)

मधलीवाट

१७-५० घेतली असती तर...

पहिलाचकॅमेरा

नको दादा, वजन ऐकूनच हात दुखला. ३५ घेते, सेकंडहँड मिळतेय. टेलीसाठी पुढच्या मोसमापर्यंत साठवते. लेन्स हातात घेऊन काय तपासू?

स्क्रूवाला

टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, परत द्या. दोन-चार धूळकणांनी काही होत नाही. मग आपल्याच कॅमेऱ्यावर लावा, कॅमेरा टेकवून ठेवा आणि एफ/१.८ला छापील पानावर मधल्या बिंदूने फोकस करून फोटो काढा. तोच फोटो लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून) लावून काढा. लाइव्ह व्ह्यूचा लख्ख आणि व्ह्यूफाइंडरचा दर वेळी मऊ येत असेल तर फोकस पुढे-मागे पडतोय. डी३५००मध्ये तो जुळवायची सोय नाही, त्यामुळे तो नग घेऊ नका, दुसरा बघा.