मदत हवी आहे : कान गाण्याकडे कसा वळवू?

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यावर त्यांच्या गाण्याच्या साठेक एलपी रेकॉर्ड आणि थोड्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जुन्या) तबकड्या माझ्याकडे आल्या. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई आमोणकर, गंगूबाई हनगल असे शास्त्रीय गायक. बाबा साध्याच प्लेयरवर, पण डोळे मिटून अख्खी बाजू ऐकायचे.

मी चार वर्षांत टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घेतला, अँप्लिफायर घेतला, स्पीकर दोनदा बदलले. आता रेकॉर्ड लावली की तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणकार) किती मोकळी वाजतेय, डग्ग्याची घुमक नीट येतेय का, इकडेच कान जातो. ख्याल रंगायच्या आत मी उठून स्पीकर दोन इंच सरकवतो. परवा यमन संपला आणि बंदिशीचे शब्दच आठवेनात. फार वाईट वाटलं.

तरी यंत्राला दोष देववत नाही. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) सरळ बसवून सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास आणला, तेव्हा तानेआधीचा किशोरीताईंचा श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला. तो श्वासही गाण्यातलाच ना?

या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगा. माझी खोली 10 बाय 12 फुटांची आहे, फरशी उघडी, एका बाजूला मोठी काच. नवीन काही घेण्याआधी जाड सतरंजी आणि पडदे करू का? 78 च्या तबकड्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते, ती तुम्ही कुठली वापरता? आणि मुख्य म्हणजे, ही सतत तुलना करायची सवय कशी सोडवलीत? एकदा बाजू लावली की संपेपर्यंत उठायचं नाही, असा नेम कुणी पाळलाय का?