मदत हवी आहे: बालगृहात खरूज, आणि बाहेर संततधार

आमचं मिशनचं मुलींचं बालगृह, सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात. 6 ते 18 वयाच्या 38 मुली, दोन हॉल, दुमजली पलंग. महिनाभर खरूज हटत नाहीये. बोटांच्या बेचक्यात, कमरेला पुरळ. रात्रीच्या प्रार्थनेला बसल्या की अर्धी रांग खाजवत असते.

सरकारी दवाखान्यात दाखवलंय. पर्मेथ्रिन 5 टक्के मलम मिळालं. मानेपासून पायापर्यंत रात्री लावून सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा, तेही झालं. कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळी झाल्या (मावशींचा आग्रह). टॉवेल, कंगवे वेगळे केले. तरी धाकट्या हॉलमध्ये परत सुरू, कारण पहिल्या खेपेला फक्त पुरळ असलेल्यांनाच मलम पुरलं.

आता सगळ्यांना, मावशींसकट, एकाच रात्री लावायचंय. मलमाची सोय झाली आहे, गोळ्यांचं डॉक्टर बघतील. अडलंय ते अंथरुणावर. कपडे उकळत्या पाण्यातून काढतो, पण गोधड्या आणि रग या पावसात वाळत नाहीत. ड्रायर नाही, जादा अंथरूण जेमतेम दहा जणींपुरतं. पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवलं तर किडे मरतात, असं डॉक्टर म्हणाले. पण तेवढे दिवस मुली पांघरणार काय? शाळा बुडवता येत नाही. मुलींचे फोटो टाकणार नाही, कायद्याने चालतही नाही.

वसतिगृह किंवा आश्रमशाळा चालवणाऱ्यांनी सांगा: एकाच रात्री सगळ्यांना मलम लावून अंथरुणं मात्र हॉलवार बांधली तर चालतं का, की तेवढ्यात पुन्हा पसरते?