एकत्र दुधात पेशी ४,८०,००० आणि त्याच त्या गायींना पुन्हा दगडी (कासदाह): धार काढणाऱ्यांना काय आणि कसं शिकवायचं?

गव्हाण_२२

दुभत्या गायी २२, दिवसाचं दूध साधारण ३०० लिटर, दोन वेळा धार. मशीनचे २ क्लस्टर (सडांना लावायचे चार कपांचे संच), धार काढणारी माणसं ३. तीन महिन्यांत कासदाहाच्या ७ केस, त्यात ३ गायी पुन्हा पुन्हा त्याच. एकत्र दुधाच्या शेवटच्या तपासणीत सोमॅटिक सेल (कासेला संसर्ग झाला की दुधात वाढणाऱ्या पेशी) मिलीलीटरला ४,८०,०००.

कास धुतली जाते, धारेनंतर सड आयोडीनमध्ये बुडवले जातात. तिघांचंही एक दिवसाचं प्रशिक्षण झालेलं आहे. महिनाभर सगळं नीट चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

प्रश्न दोन: (१) दोष गायींत आहे, मशीनमध्ये की हातांत, हे कसं ओळखायचं? (२) शिकवलेलं टिकावं म्हणून काय करता येतं?

चौथा_सड

औषध बदलण्याआधी हिशेब मांडा. समजा एक गाय १४ लिटर देते आणि तिच्या दुधात ३० लाख पेशी आहेत. १४ × ३० भागिले ३००, म्हणजे त्या एकटीमुळे एकत्र दुधाचा आकडा १.४ लाखाने वाढतो. अशा तीन गायी असल्या तर ४.२ लाख तिथंच झाले आणि उरलेल्या १९ गायींचं दूध सरासरी ७०,००० च्या आसपास, म्हणजे उत्तम. उलट २२ पैकी १२ गायी आठ लाखांच्या आसपास असतील तरीही एकत्र आकडा जवळपास तोच दिसेल. पहिल्या स्थितीत प्रश्न तीन गायींचा आहे, दुसऱ्यात धारेच्या पद्धतीचा. एकत्र आकडा या दोन्हींत फरक करत नाही. तो फरक सडागणिक सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, दुधात द्रावण घालून पेशी ओळखायची गोठ्यातली चाचणी) केल्यावरच कळतो.

सीएमटी अशी करा. पहिल्या ३-४ धारा वेगळ्या काढा. पॅडलचा (चार वाट्यांच्या तबकाचा) दांडा दर वेळी एकाच दिशेला, उदाहरणार्थ गाईच्या शेपटीकडे धरा, नाहीतर कोणती वाटी कोणत्या सडाची हे दहाव्या गाईपर्यंत विसरलेलं असतं. चारही वाट्यांत दूध घ्या, पॅडल तिरकं करून जादा सांडा, प्रत्येकीत साधारण २ मिली ठेवा आणि तेवढंच सीएमटीचं द्रावण घाला. आडवं गोल फिरवत १० सेकंदांनी बघायला लागा, २० सेकंदांच्या आत निकाल लिहा. द्रावणातला साबणासारखा घटक पेशी फोडतो, आतला डीएनए बाहेर येऊन जेली होते. जास्त वेळ फिरवलं की हलकी जेली विरते आणि संशयित सड निरोगी म्हणून सुटतो. द्रावण दुधापेक्षा जास्त पडलं तरी निकाल फसतो. त्यामुळे अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली किंवा सिरिंज वापरा.

व्यायल्यावर पहिले ४-५ दिवस चिकात पेशी मुळातच जास्त असतात. आटत आलेल्या गाईतही तसंच. तिथल्या हलक्या जेलीवरून घाबरू नका, पण चारपैकी एकाच सडात दाट जेली असेल तर ती खरी माना.

निकाल एका कागदावर गाय आणि सडानुसार लिहा: ०, संशयित, १, २, ३. मग त्या तक्त्याकडे बघा:

– जुन्या वेतांच्या, आधी आजारी पडलेल्या गायीच दिसत असतील तर संसर्ग जुना आहे. तो धारेच्या वेळी हात, कापड आणि लाइनरमधून (कपातलं, सडावर बसणारं रबर) पसरतो.
– पहिलारू कालवडी व्यायल्या व्यायल्या दिसत असतील तर भाकड गायी आणि कालवडी बसतात ती जागा तपासा.
– बहुतेक गायींत मागचे दोन सड दिसत असतील तर शेण, शेपटी आणि ओली बैठक.
– सड कोणताही, पण सगळ्या गायी एकाच क्लस्टरवरच्या असतील तर मशीन. यासाठी महिनाभर प्रत्येक गाय ठरलेल्याच क्लस्टरला लावा.

दुखऱ्या तीन गायींची धार उद्यापासून सगळ्यांत शेवटी. खर्च शून्य.

व्हॅक्यूम_गेज

मशीनचं बोलतो. रबरी लाइनरचं आयुष्य साधारण २५०० धारा धरतात. २२ गायी, दोन वेळा, म्हणजे ४४ धारा. दोन क्लस्टरवर वाटल्या की एकेकावर रोज २२. २५०० भागिले २२ म्हणजे ११३ दिवस, पावणेचार महिने. बहुतेक गोठ्यांत लाइनर फाटेपर्यंत चालवतात. तो फाटायच्या बराच आधी ढिला पडतो, आतून चिरतो, चिरांत दुधाचा थर आणि जंतू बसतात आणि सडाचा दाब नीट मोकळा होत नाही. बदलताना चारही एकदम बदला आणि लावल्याची तारीख क्लस्टरवर चिकटवा. लाइनर ताणून आतून टॉर्चचा उजेड पाडला की चिरा दिसतात. हे धार काढणाऱ्यालाच करायला लावा.

पल्सेटर (लाइनरची उघडझाप करवणारा भाग) मिनिटाला ६० ठोके, गुणोत्तर (दूध ओढणं : विश्रांती) ६०:४०. ठोके घड्याळ लावून मोजा. कानाला ५० आणि ६० मधला फरक कळत नाही. धार जोरात चालू असताना क्लॉमध्ये (चारही कपांचं दूध जमतं त्या वाटीत) ३५ ते ४२ किलोपास्कल व्हॅक्यूम असावा. गेजचा काटा बरोबर दाखवतो असं गृहीत धरू नका, वर्षातून एकदा दुसऱ्या गेजशी ताडून बघा. व्हॅक्यूम ठरलेल्या पातळीवर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या जाळीवर धूळ बसली की व्हॅक्यूम चढतो आणि महिन्याभरात सडाच्या टोकाला पांढरी खरबरीत कडी दिसू लागते. तशी कडी दिसली की गाईला मलम लावत बसण्याआधी ती जाळी उघडा.

आणि क्लस्टर काढताना आधी व्हॅक्यूम बंद, दोन सेकंद थांबा, मग तो आपोआप हातात येतो. व्हॅक्यूम चालू असताना ओढून काढला तर एका कपातून हवा शिरते आणि दुधाचे थेंब दुसऱ्या सडाच्या तोंडावर वेगाने आपटतात. आजारी सडाचे जंतू निरोगी सडात पोचवायला याहून सोपी युक्ती नाही. शेवटचं पावशेर दूध निघावं म्हणून क्लस्टर दाबून धरण्याची सवयही तशीच घातक.

पान्हा_सोडला

प्रश्नातलं "कास धुतली जाते" हे वाक्य खटकलं. सगळी कास पाण्याने धुतली की वरची घाण ओघळून सडाच्या टोकाशी जमते आणि तिथून लाइनरमध्ये जाते. फक्त सड स्वच्छ करा, आणि ते कोरडे करा. ओल्या सडावर लाइनर घसरतो, फुसफुस आवाज येतो. तो आवाज म्हणजे वर सांगितलेलीच हवा.

क्रम असा: काळ्या तळाच्या कपात प्रत्येक सडाच्या ३-४ धारा, धारेआधी सडाला लावायचं जंतुनाशक द्रावण, ३० सेकंद थांबणं, प्रत्येक गाईला वेगळ्या कापडाने पुसणं (सडाचं टोक सगळ्यांत शेवटी, कापडाची कोरडी बाजू वापरून), मग क्लस्टर. पहिल्या स्पर्शापासून क्लस्टर लागेपर्यंत ६० ते ९० सेकंद. गाय पान्हा सोडते तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि ते रक्तात चढायला साधारण मिनिटभर लागतं. घाईने २० सेकंदांत लावलं तर कासेच्या टाकीतलं दूध येतं, धार मध्येच थांबते आणि तेवढा वेळ व्हॅक्यूम रिकाम्या सडावर ओढत राहतो. तीन-चार मिनिटं उशीर झाला तर पान्ह्याचा जोर वाया जातो. एका माणसाने पाच गायी पुसून ठेवायच्या आणि मग एकेकीला मशीन लावत जायचं, ही पद्धत म्हणून नुकसानीची. दोन क्लस्टर असतील तर एका वेळी दोनच गायी तयार करा.

धारेनंतर आयोडीन ०.५ टक्के, त्यात ग्लिसरीन असलेलं. कपातलं उरलेलं द्रावण कॅनमध्ये परत ओतू नका. शेण पडलेलं द्रावण जंतू मारत नाही, ते एका गाईकडून दुसरीकडे नेतं. आणि धार झाल्याझाल्या गव्हाणीत ताजी वैरण हवी. सडाचं छिद्र पूर्ण मिटायला अर्धा तास ते दोन तास लागतात, तोवर गाय उभी राहिलेली बरी.

आता दुसरा प्रश्न. एका दिवसात वीस गोष्टी सांगितल्या की माणूस शेवटच्या दोन लक्षात ठेवतो, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय गोठ्यातल्या चुकीची शिक्षा तीन आठवड्यांनी मिळते, गाईला. चूक आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर असेल तर अनुभवातूनही कुणी शिकत नाही. म्हणून परिणाम तिथल्या तिथे डोळ्यांना दिसेल अशी सोय करावी लागते:

– सड पुसून झाल्यावर ओला पांढरा कापूस सडाच्या टोकावर फिरवा. कापूस मळला तर पुसणं झालेलं नाही. रोज दोन गायी, कोणत्याही.
– आयोडीन लावल्यावर सडाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळून काढा. डाग पूर्ण वर्तुळाचा हवा. स्प्रेने मारत असाल तर पलीकडची बाजू हमखास कोरी निघते. तेव्हा स्प्रे सोडून बुडवायचा कप घ्या.
– मोबाइलवर एका धारेचं चित्रण करून ६०-९० सेकंद त्या माणसालाच मोजायला द्या. स्वतः मोजलेला आकडा पटतो. दुसऱ्याने सांगितला की वाद होतो.
– दुधाच्या गाळणीची जाळी रोज बघून एका खिळ्याला अडकवा. गुठळ्या दिसल्या म्हणजे पहिल्या धारा कुणीतरी न बघता पुढे गेलं.

एका आठवड्याला एकच गोष्ट. पहिला आठवडा फक्त काळा कप, दुसरा पुसणं, तिसरा वेळ, चौथा क्लस्टर काढणं. महिन्याअखेरीला तिघांनी मिळून सीएमटी करायची आणि तक्ता भिंतीवर लावायचा. त्यात नवीन लागण झालेले सड मोजा, जुने नव्हे. जुनी गाय बरी व्हायला वेळ लागतो आणि त्यावरून माणसांना जोखलं तर ती आकडे लपवायला लागतात. पाचव्या आठवड्यापासून पुन्हा पहिल्या आठवड्याच्या गोष्टीपासून सुरू. आणि बदली माणूस विसरू नका, सुट्टीच्या दिवशी धार काढतो तो. त्याला कधीच कुणी शिकवलेलं नसतं.

गव्हाण_२२

उपयोगी आहे, आभार. लाइनर कधी लावले याची नोंदच नाही, म्हणजे उत्तर मिळालंच. पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या गायींपैकी एकीचा नमुना प्रयोगशाळेत दिला, अहवाल "जंतूंची वाढ नाही". सडात गुठळ्या मात्र येतात. सडात प्रतिजैविकाची ट्यूब पुन्हा सोडायची का?

भाकडकाळ

"वाढ नाही" याचे अर्थ तीन. ई. कोलायसारखा जंतू शरीराने आधीच संपवला, गुठळ्या हा उरलेला पसारा. किंवा नमुना प्रतिजैविक दिल्यानंतर घेतला. किंवा स्टॅफिलोकोकस ऑरियस, जो दुधात सतत येत नाही, कधी भरपूर तर कधी शून्य. तुमच्या गाईचा इतिहास बघता तिसऱ्याचा संशय धरा आणि काही दिवसांच्या अंतराने आणखी दोन नमुने द्या.

नमुना घेताना सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने घासा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. आधी पलीकडचे सड पुसायचे, मग अलीकडचे. दूध घेताना उलट, आधी अलीकडचे. नाहीतर पुसलेल्या सडाला आपलाच हात लागतो. नळी आडवी-तिरकी धरा, झाकण आतल्या बाजूने खाली ठेवू नका, ४ अंशांवर ठेवून २४ तासांत पोचवा. एका नळीत तीन प्रकारचे जंतू आले तर तो गाईचा आजार नसून नमुन्यातली घाण समजा.

ट्यूबबद्दल: अहवाल येईपर्यंत आणि गाय खातपीत असेल, ताप नसेल, तर डॉक्टरांना विचारून थांबता येतं. ताप, कास गरम-कडक, दूध पाण्यासारखं असं काही असेल तर अहवालाची वाट बघायची नाही, त्याच वेळी डॉक्टर. आदल्या वेळी उरलेली ट्यूब, तीही दोन वेळांनी थांबवलेली, हा तीच गाय पुन्हा आजारी पडण्याचा सरळ रस्ता. कोर्स पूर्ण करा, पायाला रंगीत पट्टी बांधा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत दूध वेगळं ठेवा. मुदत शेवटच्या ट्यूबपासून मोजायची. फक्त दुखऱ्या सडाचं दूध टाकून भागत नाही, औषध रक्तातून इतर सडांतही उतरतं.

ट्यूबची नळी पूर्ण आत घालू नका, ३ मिलिमीटर पुरतं. खोल घातली की सडाच्या तोंडाशी असलेलं केराटीनचं बूच फाटतं, आणि बाहेरचा जंतू आपणच आत ढकलतो.

ऑरियस निघाला तर दुभत्या काळात बरं होण्याची शक्यता कमी, गाय जितकी जुन्या वेताची आणि जितके जास्त सड धरलेले तितकी आणखी कमी. खरी संधी आटवताना असते: व्यायच्या ६० दिवस आधी, शेवटची धार पूर्ण काढून, चारही सडांत भाकड काळाची ट्यूब. त्यानंतरही पुढच्या वेतात तोच सड दाट जेली दाखवत असेल तर ती गाय गोठ्यात ठेवायची का, हा हिशेब तिच्या दुधाचा एकटीचा धरू नका. तिच्या शेजारच्या २१ गायींचाही धरा.

चौथा_सड

एक राहिलं. त्या गाईच्या त्याच सडाचा तिसरा नमुना येईपर्यंत तिच्यासाठी कापड वेगळं, हातमोजे बदललेले आणि तिच्यानंतर क्लस्टर धुतल्याशिवाय कुणालाही लावायचा नाही. शेवटी धार काढत असाल तर हे आपोआप होतं.