दोनशे दिवसांच्या सरासरीखालचा शेअर: स्वस्त की नुसता उतरलेला?

पणजीहून, अनुवादक
गुंतवणुकीवरचा एक लेख मराठी पुरवणीसाठी अनुवादित करते आहे. एका वाक्यावर अडले: 'हा शेअर सध्या आपल्या दीर्घकालीन सरासरीच्या १८ टक्के खाली असल्याने स्वस्तात मिळतो आहे.' मूळ लेखात तिथे २०० दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज आहे, म्हणजे गेल्या २०० दिवसांच्या भावांची रोज नव्याने काढलेली सरासरी. तिला 'दीर्घकालीन सरासरी' म्हटलेले चालेल का? 'मूव्हिंग'साठी चल, गतिमान, फिरती, सरकती असे चार पर्याय वाचनात आले आहेत. आणि दुसरी शंका त्या 'स्वस्तात'बद्दल. वाक्य कानाला गोड लागते, पण काहीतरी खटकते. संपादक म्हणतात, वाचकाला कळले म्हणजे झाले. मला भीती आहे ती वाचकाला भलतेच कळण्याची.

डिचोलीहून, गणिताचा शिक्षक
'दीर्घकालीन सरासरी' आधी खोडा. तो शब्द मराठी वाचकाच्या डोक्यात पावसाने अडवून ठेवला आहे. दर उन्हाळ्यात बातमी असते, यंदा दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के पाऊस. हवामान खात्याची ती सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली आहे, जून ते सप्टेंबर, देशभरासाठी ८७ सेंटिमीटर. एकदा ठरली की ठरली. यंदा आभाळ रुसले म्हणून ती यंदाच खाली येत नाही. त्यामुळे 'सरासरीच्या १८ टक्के खाली' वाचले की आपल्याला तूट दिसते, आणि तूट म्हटली की ती कधीतरी भरून निघेल असे वाटते.

शेअरची सरासरी तशी जागेवर उभी नसते. बाजार बंद झाला की आजचा भाव तिच्यात येतो आणि सर्वांत जुना भाव गळतो. मोजपट्टीच हलते आहे, हे शब्दातून कळायलाच हवे. 'गतिमान' नको, त्यात वेग आहे आणि २०० दिवसांची सरासरी तर महासुस्त. 'फिरती' म्हटले की फिरता चषक, फिरते वाचनालय. फिरून पुन्हा तिथेच येणारे. मला 'सरकती' आवडतो. सरकत्या जिन्यावर खालून एक पायरी वर येते, वरची एक गडप होते, मोजाल तेव्हा पायऱ्या तेवढ्याच.

म्हापशाहून, निवृत्त बँक कर्मचारी
गुरुजी, 'सरकती' गोड आहे, पण अर्थविषयक पानांवर 'चल सरासरी' रुळला आहे. नवा शब्द आणून वाचकाला पुन्हा बुचकळ्यात का टाका? प्रत्यक्षात शेअर घेणारे-विकणारे दोन्ही म्हणत नाहीत. ब्रोकरकडे बसलात तर 'दोनशे डीएमए' (डे मूव्हिंग ॲव्हरेज) ऐकाल, नाहीतर नुसते 'दोनशेच्या खाली गेला'. चार्टवर ती एक रेषा असते, म्हणून 'रेषेवर टेकला', 'रेषा तोडली' हेही चालते.

पणजीच्या बाईंनी आणखी एक जपावे. 'दिवस' म्हणजे बाजार चालू असलेले दिवस. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून २०० भरायला साडेनऊ-दहा महिने लागतात. रोज उलाढाल करणाऱ्याला हे दीर्घ, पण मुलीच्या लग्नासाठी पंधरा वर्षे शेअर धरून बसलेल्याला दहा महिने म्हणजे काय? असे लोक २०० आठवड्यांची सरासरी बघतात, ती चार वर्षांच्या जवळ जाते. म्हणून 'दीर्घकालीन' हे विशेषण गाळून आकडाच लिहावा.

पेडण्याहून
मध्येच एक. 'सरासरी' हा शब्द फारसी 'सरासर'वरून आला, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळे दिवस सारखे धरायचे, हे शब्दातच आहे. बाकी चालू द्या.

डिचोलीहून, गणिताचा शिक्षक
आता 'स्वस्तात'. इथे शब्दापेक्षा हिशेबच बोलेल. समजा एक शेअर २०० दिवस ५०० रुपयांवर बसून होता. आज तो ४०० झाला आणि तिथेच थांबला. आजची सरासरी ४९९ रुपये ५० पैसे, म्हणजे शेअर सरासरीच्या जवळपास २० टक्के खाली. तुमचा लेख म्हणेल, स्वस्त. शंभर दिवसांनी सरासरी ४५० वर येते आणि तोच ४०० रुपयांचा शेअर ११ टक्के खाली दिसतो. आणखी शंभर दिवसांनी सरासरी ४०० आणि फरक शून्य. भाव पैशाने हलला नाही, कंपनीत काही घडले नाही, तरी 'स्वस्ताई' विरून गेली. जी स्वस्ताई नुसती वाट बघून संपते ती मालाची नव्हे, मोजपट्टीची.

उलटेही होते. ५०० भाव होता तेव्हा कंपनी शेअरमागे वर्षाला २५ रुपये कमावत होती, तर भाव कमाईच्या २० पट होता. कमाई १० रुपयांवर आली आणि भाव ४०० झाला, तर तो ४० पट. सरासरीच्या खाली आणि तरी दुप्पट महाग! सरासरीत फक्त जुने भाव असतात. नफा, कर्ज, कारखाना यांतले काहीच तिच्यात नाही, म्हणून मूल्याबद्दल तिला स्वतःहून काही सांगता येत नाही.

म्हापशाहून, निवृत्त बँक कर्मचारी
हिशेब मान्य, पण तुम्ही सरासरीला फारच निकामी ठरवलेत. माणसे ती वापरतात त्याला कारण आहे. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक, १२,००० च्या वर होता. २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. सरासरीची रेषा कुठच्या कुठे वर राहिली होती. त्या दिवशी ज्याने छातीवर दगड ठेवून निर्देशांकाचा फंड घेतला, त्याला पस्तावा झाला नाही. 'रेषेपासून फार लांब गेलाय' हा इशारा तिथे उपयोगी पडला.

आता त्याच मार्चमधली दुसरी गोष्ट. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. त्यानंतर तो सरासरीखाली गेला आणि उतरतच राहिला. 'एवढा खाली आलाय, आता स्वस्त' असे म्हणत वाटेत घेणारे पुष्कळ होते. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध घातले. रेषा दोन्हीकडे तीच. फरक असा की निर्देशांकात पन्नास कंपन्या असतात आणि मागे पडणारी बदलली जाते. त्याच महिन्यात निफ्टीतून येस बँक गेली आणि श्री सिमेंट आली. एकट्या कंपनीला बदलीचा गडी मिळत नाही.

म्हणून निर्देशांकाच्या बाबतीत 'सरासरीच्या मानाने स्वस्त' मी चालवून घेईन. एकट्या शेअरला नाही.

साखळीहून
लांबची उदाहरणे कशाला? आपल्या गोव्यातच बघा. सेसा गोवा या लोहखनिज काढणाऱ्या कंपनीचे शेअर इथे कितीतरी घरांत होते, खाण डोळ्यांसमोर म्हणून विश्वास. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. त्या दिवाळीत कुणी २०० दिवसांची सरासरी काढली असती तर त्यातले बहुतेक भाव रस्त्यावर ट्रकांची रांग असतानाचे निघाले असते. ट्रक उभे, जेटी ओसाड, आणि सरासरी मात्र चालू खाणीची. अशा सरासरीशी ताडून 'स्वस्त' म्हणायचे ते कशाच्या जोरावर?

पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये सेसा आणि स्टरलाइट या कंपन्या एक झाल्या. आधी सेसा स्टरलाइट, मग २०१५ मध्ये वेदांता. लोखंडाच्या जोडीला जस्त, ॲल्युमिनियम, तेल आले. म्हणजे विलीनीकरणानंतरच्या काही महिन्यांच्या सरासरीत दोन वेगळ्या धंद्यांचे भाव एकत्र कालवलेले. २०१४ मध्ये बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली, फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीजचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले. असल्या गोष्टी रेषेला महिनोन्‌महिने उशिरा कळतात.

डिचोलीहून, गणिताचा शिक्षक
साखळीकर बाब, उशीर मोजता येतो. २०० दिवसांची साधी सरासरी सुमारे शंभर दिवस मागचे चित्र दाखवते, कारण तिचा मध्यच तिथे आहे.

काणकोणहून
मला 'स्वस्त'च्या जागी येणाऱ्या शब्दांत रस आहे. आम्ही घरात कोंकणी बोलतो, लिहितो मराठी. कोंकणीत बाजारात विचारतात ते 'मोल', आणि मराठीत मोल म्हणजे लायकी: मोलाचा सल्ला, अनमोल, मातीमोल. भाव म्हटला तर आमच्याकडे भाऊ उभा राहतो! पण मराठी लेखात सोय चांगली आहे. मागणी-पुरवठ्याने रोज ठरतो तो भाव, पैसे मोजतो ती किंमत, आणि वस्तूच्या अंगी असते ते मूल्य. सरासरी भावांची, तर निष्कर्षही भावाचाच काढावा. शेअर 'उतरला आहे', 'पडेल भावात आहे' म्हणा. 'पडेल भाव'मध्ये विकणाऱ्याची घाई आहे, मालाच्या गुणाबद्दल ग्वाही नाही. 'सवंग' मात्र नको, त्याला आता वाईट वास येतो.

म्हापशाहून, निवृत्त बँक कर्मचारी
'पडेल भाव'ही जरा जपून, बाय. १८ टक्के उतरणे म्हणजे कुणी घायकुतीला येऊन विकतोय असे नसते. 'उतरलेला' पुरे. कल कळवायचा असेल तर आणखी एक पाहावे: रेषा स्वतः वर जाते आहे की खाली? चढत्या रेषेखाली घसरलेला शेअर आणि उतरत्या रेषेखाली लोंबकळणारा शेअर, दोघेही १८ टक्के खाली असू शकतात. मी पहिल्याचा ताळेबंद तरी उघडून बघेन. दुसऱ्याचा उघडायला मला आणखी कारण लागेल.

पणजीहून, अनुवादक
सगळ्यांचे ऐकून वाक्य असे केले: 'या शेअरचा भाव गेल्या २०० सत्रांच्या (बाजार चालू असलेल्या दिवसांच्या) चल सरासरीपेक्षा १८ टक्के उतरलेला आहे, कंपनीच्या कमाईच्या मानाने तो स्वस्त आहे का, हे वेगळे तपासावे लागेल.' मूळ लेखकाने दुसरा भाग लिहिलेला नाही. अनुवादात तो घालण्याचा मला अधिकार नाही, म्हणून चौकटीत संपादकीय टीप म्हणून टाकायचे ठरले. 'स्वस्तात' गेले.

पेडण्याहून
१८ टक्के हा आकडा एकदा पडताळा. कंपनीने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, की भाव निम्मा होतो. जुने भाव त्या हिशेबाने निम्मे करून घेतले नसतील तर शेअर रातोरात सरासरीच्या पन्नास टक्के खाली दिसतो आणि भोळा माणूस लूट समजून धावतो.

डिचोलीहून, गणिताचा शिक्षक
आणि सरासरी साधी की घातांकी? साधीत आजच्या भावाचा वाटा अर्धा टक्का. घातांकीत नव्या भावांना वजन जास्त, आजच्याला सुमारे एक टक्का. त्यामुळे भाव अलीकडेच पडला असेल तर घातांकी रेषा लवकर खाली येते आणि १८ चा आकडा लहान होतो.

पणजीहून, अनुवादक
मूळ लेखात याबद्दल अक्षर नाही. लेखकालाच विचारते. बोनसची तारीखही त्यातच विचारून टाकते.