मदत हवी आहे: आईच्या गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चर?

आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत. ऑपरेशनचं नाव काढलं की विषयच बदलते. आता शेजारच्या काकूंनी ॲक्युपंक्चर सुचवलंय. आम्ही सोलापूरचे, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांच्या गावचे, पण चिनी सुयांचा अनुभव घरात कुणालाच नाही!

खरी काळजी वेगळीच. स्टेंटमुळे तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अशा गोळ्या चालू असताना कुणी सुया घेतल्यात का? सुई टोचली तिथे रक्त साकळलं का? किती बैठकांनंतर फरक जाणवला? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरची परिषद आहे, उपचार करणाऱ्याची तिथली नोंदणी तुम्ही कशी तपासलीत? सुया एकदाच वापरायच्या, सीलबंद हव्यात, एवढं ठाऊक आहे. सुया देणारे सोबत चिनी जडीबुटीच्या गोळ्याही देऊ म्हणतात, त्या मात्र नकोच.